थांबवण्याचा अधिकार

४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर मी रडते, तू ओरडतेस आणि मुद्दा तिथल्या तिथे राहतो, म्हणून पत्रच बरं.

ऑफिसात उलथापालथ चालली आहे. यापुढे सगळं काम अजाइल पद्धतीने करायचं. म्हणजे वर्षभराचं काम एकदम अंगावर घ्यायचं नाही. दोन-दोन आठवड्यांचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकडा झाला की गिऱ्हाइकाला दाखवायचा. या तुकड्याला स्प्रिंट म्हणतात. आईने हे अर्धवट ऐकलं आणि शेजारच्या काकूंना सांगून आली की आमची धाकटी या वयात धावण्याची परीक्षा देतेय. काल जिन्यात काकूंनी माझ्या गुडघ्यांची चौकशी केली.

परीक्षा आहे, पण वेगळी. आमच्या गटात दोनच जागा उरणार आणि दोन्हींना प्रमाणपत्र लागतं. एक स्क्रम मास्टरची. त्याने माणसं सांभाळायची, त्यांच्या वाटेतले अडथळे काढायचे. दुसरी प्रॉडक्ट ओनरची. काय बनवायचं, आधी काय नि नंतर काय, हे त्याने ठरवायचं आणि चुकलं तर बोलणीही त्यानेच खायची. ही खुर्ची सध्या रिकामी आहे, ते काम साहेबच बघतात. मला बोलावून म्हणाले की तुझा स्वभाव गोड आहे, तू स्क्रम मास्टर हो, शिफारस मी करतो. महिनाअखेरपर्यंत नाव द्यायचं. नाही दिलं तर काय, हे ते बोलले नाहीत. मला कळलं.

घरात कमावती मी एकटी. तू माझ्या जागी असतीस तर काय निवडलं असतंस?

आईचे आशीर्वाद. माझ्यावर माया आहे तेवढी ठेव, वाढली तरी चालेल.

तुझी,
धाकटी


९ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

गोड स्वभाव! साहेबांनी तुला सकाळच्या चहाआधी पाहिलेलं दिसत नाही.

माझं मत विचारशील तर हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नये. शिफारस मिळतेय ती घे. माणसं सांभाळणं तुला जमतं, लहानपणापासून आईला आणि मला सांभाळत आली आहेस.

आता माझं. मुलांच्या वॉर्डात औषधांचं नवीन यंत्र आलंय. चाचणी आमच्याकडे, मग सगळ्या इस्पितळात. प्रत्येक पलंगाशी एक स्क्रीन, त्यावर मुलाचं नाव, वजन आणि वजनाप्रमाणे औषधाची मात्रा. परवा तापाच्या एका मुलीला खिडकीजवळून दाराशी हलवलं. माझ्या हाताखालच्या नव्या सिस्टरने स्क्रीन बघून सिरिंज भरली. माझं सहज लक्ष गेलं. मुलगी काडीपहिलवान आणि सिरिंजमध्ये औषध एखाद्या थोराड मुलाचं. मी सिस्टरचा हात धरला. मुलीला काही झालं नाही. ती आपली नव्या जागेवरून कोण कोण दिसतं ते बघत होती. स्क्रीनवर नाव तिचंच होतं, वजन मात्र त्या पलंगावरच्या आधीच्या मुलाचं.

अधीक्षक म्हणतात की पलंग बदलल्याची नोंद मीच चुकीची केली. चौकशी लावली आहे. नोंद बरोबर होती गं. पण यंत्र खोटं बोलतं असं म्हटलं की लोक माझ्या चष्म्याकडे बघतात.

आईला यातलं अक्षर सांगू नकोस. पत्राला उशीर करू नकोस, जीव टांगणीला लागतो.

तुझी ताई


१३ मार्च

ताई,

नमस्कार पोचला असं समज.

ती स्क्रीन आमची आहे. आम्ही इस्पितळांची कामं करतो हे तुला माहीत आहे, पण चाचणी कुठे चालली आहे हे साहेब आम्हाला सांगत नाहीत. तू लिहिलेली एकेक गोष्ट, नाव वर, वजन खाली, पलंगाचा आकडा कोपऱ्यात, मी रोज बघते.

आमच्या टेस्टरला आम्ही शंकासुर म्हणतो. देवाने समोर येऊन वर दिला तरी तो आधी तपासून बघेल. त्याला विचारलं. दिवसभर तो स्क्रीनला चिकटून बसला आणि शेवटी त्याला सापडलं. एकाच वेळी दोन सिस्टर दोन स्क्रीनवर काम करत असतील आणि त्यात पलंग बदलला, तर जुनं वजन तसंच राहतं. नेहमी नाही, कधीकधी. म्हणून आजवर कुणाला दिसलं नाही.

साहेबांकडे गेले. ते म्हणाले की वापरणाऱ्याचीच चूक आहे, दुरुस्ती पुढे कधीतरी घेऊ, वीस तारखेला इस्पितळाचे डॉक्टर डेमोला येताहेत आणि यंत्र सगळ्या वॉर्डांत जायचंय. रागाच्या भरात माझ्या तोंडून तुझं नाव गेलं. ते शांतपणे म्हणाले की सख्खी बहीण चौकशीत असताना तुझ्या बोलण्याला किंमत कोण देईल? वर हेही म्हणाले की स्क्रम मास्टरने अडथळे काढायचे असतात, आणायचे नसतात.

काल अभ्यासाच्या पुस्तकात वाचलं की चालू स्प्रिंट मध्येच रद्द करायचा अधिकार एकाच माणसाला असतो, प्रॉडक्ट ओनरला. स्क्रम मास्टरला तो नाही. गोड स्वभावाच्या बाईला साहेब कुठली खुर्ची का देताहेत, ते तेव्हा डोक्यात उजेड पडावा तसं कळलं.

घाईत लिहितेय, अक्षर गोड मानून घे.

धाकटी


१६ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

माझ्यासाठी नोकरी पणाला लावशील तर बोलणार नाही तुझ्याशी. माझी चौकशी मी निस्तरीन. एवढ्या वर्षांत अधीक्षक बरेच पाहिले.

पण एक सांगते. वॉर्डात यंत्र चालूच आहे. मी प्रत्येक मुलाचं वजन कागदावर लिहून पलंगाला बांधलं. अधीक्षकांनी ते शोभत नाही म्हणून काढायला लावलं. मी पुन्हा बांधलं. इथे मी आहे. बाकीच्या वॉर्डांत मी नाही.

काय करायचं ते तू ठरव. जे करशील त्याला माझी ना नाही.

ताई


२१ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

झालं एकदाचं. सांगते.

डेमो छान रंगला होता. साहेब बोलत होते, इस्पितळाकडून आलेल्या डॉक्टरीणबाई मान हलवत होत्या. शेवटी कुणाला काही विचारायचंय का, असं साहेबांनी भिंतीकडे बघत विचारलं. मी उठले. मी म्हणाले की प्रॉडक्ट ओनरच्या परीक्षेला मी नाव देतेय, आज ती खुर्ची रिकामी आहे, पण मी त्या खुर्चीत असते तर हे काम आत्ता, इथे थांबवलं असतं. हेही सांगितलं की ज्या सिस्टरवर चौकशी चालू आहे ती माझी बहीण आहे, म्हणून माझ्यावर विश्वास ठेवू नका, डोळ्यांनी बघा.

साहेब हसले आणि म्हणाले की वेळ संपली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की माझ्याकडे वेळ आहे. शंकासुराने दोन स्क्रीन उघडल्या आणि पलंग बदलला. काहीच झालं नाही. पुन्हा बदलला. तरी नाही. साहेबांनी घड्याळ पाहिलं. ताई, त्या क्षणी मला वाटलं की आपण सगळंच घालवून बसलो. शंकासुर घाम पुसत पुन्हा सरसावला आणि तान्ह्या बाळाच्या नावाखाली बारा वर्षांच्या मुलाचं वजन उमटलं. बाई उठल्या, बाहेर गेल्या आणि तिथूनच त्यांनी इस्पितळात यंत्र बंद करायला सांगितलं.

साहेबांनी माझी शिफारस त्याच संध्याकाळी काढून घेतली. परीक्षा मी माझ्या हिमतीवर देणार. आई म्हणते की धाव, पण सावकाश.

जीव लावतेस तसाच लावत राहा.

तुझी,
धाकटी


२ एप्रिल

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

चौकशी गुंडाळली. चुकलं असं कुणी म्हणालं नाही, मीही वाट बघितली नाही. ती काडीपहिलवान बरी होऊन घरी गेली. जाताना आमच्या नव्या सिस्टरच्या गळ्यात पडली आणि सिस्टर इतकी रडली की मुलीलाच तिची समजूत घालावी लागली.

तुझी जागा राहील ना गं? तेवढं एक कळव. डोळ्याला डोळा लागत नाही.

तुझी ताई


२७ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पास झाले. काठावर, पण झाले.

जागेचं कालपर्यंत खरं नव्हतं. आज साहेबांनी बोलावलं. बस म्हणाले नाहीत. इस्पितळाने कळवलंय की पुढचं काम द्यायचं तर निर्णय ‘त्या उठून बोललेल्या बाईं’चा हवा. साहेबांनी अभिनंदन केलं नाही, खुर्ची दिली. मला तेवढं पुरे.

दुपारी गटाने विचारलं की दुरुस्त झालेलं यंत्र वॉर्डात कधी पाठवायचं. तारीख माझ्या तोंडून यायची सगळे वाट बघत होते. मी म्हटलं की सोमवारनंतर सांगेन, कारण सोमवारी मी तुझ्या वॉर्डात येतेय. बहीण म्हणून नाही. दिवसभर कोपऱ्यात उभी राहून तुम्ही सगळ्या ती स्क्रीन कशी वापरता ते बघणार. मला खुर्ची देऊ नकोस, खायला विचारू नकोस आणि ओळख दाखवू नकोस. हातातलं काम थांबवलंस तर बघ.

येईपर्यंत आठवण काढत राहा.

तुझी,
धाकटी