बाळूच्या नावाने

प्रिय चिमे,

तुझा फोन हल्ली दिवसभर इतरांच्याच हातात असतो, म्हणून कागदावर लिहिते आहे. परवा चौकात तुला प्रचार करताना लांबून पाहिलं. बाबासारखीच मान किंचित वाकडी करून लोकांचं ऐकत होतीस. पुढे यायचं मनात होतं, पण तशीच मागे वळले.

बाळूला जाऊन अडीच महिने झाले. तुझा बाबा असला तरी माझा तो धाकटा भाऊ, मी बाळूच म्हणणार. त्याच्या खोलीतलं काही हलवलेलं नाही, पाना-पकडींची पेटीसुद्धा कॉटखालीच आहे. नगरसेवक झाला तरी हात नळ बसवणाऱ्याचेच राहिले. मोबाइलवर एक अक्षर दाबायला गेला की तीन उमटायची. तक्रारींचं ॲप आलं आणि नगरसेवकाने स्वतः, सगळ्यांना दिसेल असं उत्तर द्यायचं ठरलं, तेव्हा फोन माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "ताई, जन्मभर साहेबांची पत्रं लिहिलीस, आता या गाढवाची लिही."

कचेरीत एकतीस वर्षं माझं काम तेच होतं. वाक्यं माझी, सही साहेबांची. पण सहीसाठी कागद पुढे गेला की साहेब निदान एकदा नजर टाकायचे. ॲपवर ती पायरीच नव्हती. बटण दाबलं की उत्तर गेलं, बाळूच्या नावाने, त्याच्या फोटोसकट. सुरुवातीला प्रत्येक उत्तर मी त्याला वाचून दाखवत असे. मग रोज साठ-सत्तर तक्रारी येऊ लागल्या, तो गल्ल्यांतून फिरत असायचा, आणि मी न विचारताच लिहू लागले. लोक म्हणायचे, भाऊ किती आपुलकीने लिहितात. खोटं कशाला सांगू, मला ते आवडायचं.

खालच्या गल्लीतल्या घड्याळजींनी विचारलं होतं, पावसाआधी दुकानातला माल वर हलवू का? मी ॲपवर पाहिलं. नालेसफाईपुढे 'पूर्ण' असं लिहिलेलं, ठेकेदाराने स्वच्छ नाल्याचा फोटोही टाकलेला. मी लिहिलं, "नाला साफ झाला आहे, निर्धास्त राहा." फोटो दुसऱ्याच नाल्याचा होता. बाळूला नुसतं विचारलं असतं तरी कळलं असतं; आदल्याच दिवशी तो तिथून चिखल तुडवत आला होता.

पुढचं तुला ठाऊक आहे. दुकानात कमरेएवढं पाणी, लोकांनी दुरुस्तीला दिलेली घड्याळं गाळात, आणि ते उत्तर शहरभर प्रत्येक फोनवर. तो दिसला की माणसं ओरडायची, "आले बघा निर्धास्तराव!" सभेत त्याला जाब विचारला तेव्हा मी मागच्या रांगेत होते. तो उठून म्हणाला, "ते मी लिहिलं. न पाहता लिहिलं. चूक माझी." मी उठले नाही. घरी आल्यावर त्याने चपला काढल्या, पाणी प्यायला आणि एवढंच म्हणाला, "ताई, उद्यापासून मला वाचून दाखवत जा." पुन्हा कधी विषय काढला नाही. तो गेला तेव्हा डॉक्टर म्हणाले, हृदय आधीपासूनच कमकुवत होतं. मी ते धरून बसले आहे.

मी गप्पच राहिले असते. पण काल तुझ्या माणसांनी ॲपवरच्या बाळूच्या खात्यावर सभेतल्या त्या कबुलीचा व्हिडिओ टाकला. खाली लिहिलं आहे, 'चूक कबूल करणारा माणूस. त्याच्या लेकीला मत द्या.' संध्याकाळपर्यंत बावीस हजार लोकांनी पाहिला. घड्याळजींनीही त्याखाली लिहिलं आहे, भाऊ, मी तुम्हाला माफ केलं. चिमे, ज्याची चूकच नव्हती त्याला माफी मिळाली.

उद्या सकाळी मी घड्याळजींकडे जाऊन खरं सांगणार आहे. तिथून आल्यावर, दहाच्या सुमारास, त्याच खात्यावर माझ्या नावाने लिहीन. मतदानाला आठ दिवस आहेत. तुझं नुकसान होईल, कळतंय मला. दुसऱ्या कुणाकडून कानावर येण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र आज रात्रीच तुझ्याकडे पोचवते आहे. खात्याचा पासवर्ड तुझ्याकडेही आहे. तो बदललास तर मला आत जाता येणार नाही, आणि मी तुला बोल लावणार नाही. दहा वाजता उघडून पाहीन.

तुझीच,
आत्या