काचेच्या कपाटातली जागा

४ फेब्रुवारी

चि. खटपट्यास आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

ज्या गावाचं नाव मी कॉलेजात असल्यापासून तोंडात घोळवत आले, त्याच गावी तुझ्या कंपनीने तुला लिफ्ट बसवायला धाडलं! आणि तू पत्रात लिहितोस काय, तर गेस्टहाउसची गादी मऊ आहे. अरे, गाद्या कुठेही मऊ असतात! जिथे गल्लोगल्ली गिटारी घडतात, वाजतात, मोडतात आणि दुरुस्त होतात, तिथे तू सुटीच्या दिवशी लोळत पडणार असशील, तर तू माझा भाचा नाहीस हे मी भर सभेत जाहीर करीन. सभांत ओरडायचा माझा भोंगा अजून कपाटावर आहे, विसरू नकोस.

तेव्हा नीट वाच. संग्रहालयात जा, पण नामांकित वादकांच्या झगमगत्या गिटारींपुढे तोंड वासून उभा राहू नकोस. कोपऱ्यातली एखादी बिननावाची जुनी गिटार शोध आणि तिच्या पट्टीवर बोटांनी पडलेले खळगे बघ. इतिहास म्हणतात तो तिथे असतो. फार वेळ मात्र थांबू नकोस. काचेमागचं वाद्य म्हणजे तोंडात बोळा कोंबलेला माणूस. मला बघवत नाही. मग संध्याकाळी एखाद्या छोट्या सभागृहात जा आणि सगळ्यात मागे बस. पुढे दिसायला आलेले बसतात, मागे ऐकायला आलेले. कारखान्यात लाकूड कसं वाळवतात तेही बघ. आणि दुरुस्तीचं दुकान चुकवलंस तर गाव पाहिलंच नाहीस! गावाचं संगीतावर प्रेम आहे की नुसता धंदा आहे, हे नव्या मालावरून कळत नाही. जुनं दुरुस्त करून घ्यायला किती लोक येतात, त्यावरून कळतं.

हे सगळं माझ्यासाठी बघून ये. डावं मनगट मोडल्यापासून त्या हाताची बोटं वळत नाहीत, तार दाबली जात नाही, हे तुला ठाऊक आहे. डॉक्टर म्हणाले की सुधारायचं तेवढं सुधारलं. म्हणून गिटार वाचनालयाला देते आहे. चिटणिसांनी तिच्यासाठी काचेचं कपाट करायला टाकलंय, आत दिवासुद्धा लागणार आहे म्हणे. पंचवीस तारखेच्या वर्धापनदिनाला ती द्यायची, असा मी व्यासपीठावरून शब्द दिलाय. रडूबिडू नकोस. मीही रडत नाही.

दादाला फोन कर. तुझा बाप विचारत नाही, पण वाट बघतो.

माया भरपूर आहे; पत्र टाकून वसूल करत जा.

तुझी,
आत्या


११ फेब्रुवारी

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

हुकमाची तामिली झाली. रुग्णालयातल्या लिफ्टचे रूळ उभे राहिले, दोर यायचे आहेत, त्यामुळे दोन दिवस मोकळे मिळाले.

संग्रहालयात खळगे पाहिले. बघताना नाक काचेला टेकलं म्हणून पहारेकरी माझ्या मागे मागे फिरला आणि मी बाहेर पडल्यावर फडक्याने काच पुसली. कारखान्यात फळ्यांच्या मध्ये चिपा घालून थप्प्या रचलेल्या असतात. तिथल्या मुकादमाने एकाच झाडाच्या दोन फळ्या बोटाने ठोकून ऐकवल्या. दोघींचा आवाज वेगळा! तो म्हणाला की सख्ख्या बहिणींचं असंच असतं. सभागृहात सगळ्यात मागे, खांबाआड बसलो. गाढवाला गुळाची चव काय, असं तू मला म्हणायचीस. तरी दुसऱ्या गाण्याला अंगावर काटा आला. सर्दी असेल.

दुरुस्तीचं दुकान तुझ्याच वयाची एक बाई चालवते. चष्मा कपाळावर, जीभ तुझ्याइतकीच धारदार. खुंटीसारखा उभा काय राहिलास, असं म्हणून तिने एक गिटार माझ्या हातात कोंबली. मला जशी सुचली तशी धरली, म्हणजे अर्थातच उलटी. ती पोट धरून हसली आणि भिंतीवरची दुसरी काढून दिली. डावखुऱ्यांची! डाव्या हाताने छेडायची, उजव्याने दाबायची. आत्या, आयुष्यात पहिल्यांदा एखादी वस्तू माझ्या हाताला हात देऊन बसली. वाजवता काही आलं नाही, पण खाली ठेववेना.

तिला तुझ्या गिटारीचा फोटो दाखवला. आता एक काम कर. गळ्याच्या वरच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात, त्या छोट्या पट्टीची लांबी, रुंदी, उंची मोजून लगेच कळव. कशाला, ते विचारू नकोस.

बाबांना फोन केला. हवापाण्यावर बोललो, म्हणजे सगळं ठीक आहे.

रागावत राहा, म्हणजे तुझी तब्येत बरी आहे असं मी समजेन.

तुझा,
खटपट्या


१५ फेब्रुवारी

चि. खटपट्यास अ. उ. आ.

मापं वेगळ्या कागदावर आहेत. ती दादाने घेतली. फूटपट्टी धरून असा वाकला होता, जणू जमिनीची मोजणीच चालली आहे. कपाटात गिटार उभी करायला घोडी करून घेतो आहेस ना? मी काय काल जन्मले? पण छान कर. घरातून जायचीच आहे तर ताठ मानेने उभी राहू दे.

कपाट आलं. चिटणिसांनी हौसेने दाखवलं. मी आत हात घालून पाहिला, अगदी गार होतं.

तुझी उलटी गिटार वाचून मात्र हसले. तुझ्या बाईंनी शाळेत तुझ्या डाव्या हातातली पेन्सिल काढून घेतली होती, आठवतं? दादाही त्यांच्याच बाजूचा. मी शाळेत जाऊन मुख्याध्यापकांच्या खोलीत सुनावलं होतं की हात पोराचा आहे, शाळेचा नाही. ज्या हाताने त्याला जमेल त्या हाताने त्याला जग धरू द्या! शिपाईसुद्धा ऐकत उभा होता. माझं सगळ्यात चांगलं भाषण ते, आणि टाळ्या एकही नाही.

गादी मऊ आहे तोवर झोपून घे.

तुझी,
आत्या


१८ फेब्रुवारी

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

सोबतच्या डबीत घोडी नाही, पट्टी आहे. तिच्या खाचा उलट क्रमाने कोरल्या आहेत. जुनी काढून ही बसवायची आणि तारा उलट्या बाजूने चढवायच्या. दुकानदार बाई फोटो बघून म्हणाली की या घडणीच्या गिटारींच्या पोटातल्या आधाराच्या पट्ट्या दोन्ही बाजूंना सारख्या असतात, तिला फरक पडणार नाही. तुझा डावा अंगठा चालतो, कोपर हलतं. छेडायला तेवढं पुरतं. दाबायला उजवा हात आहे. इतकी वर्षं भोंगा घट्ट धरलेला हात, त्याला तार जड नाही.

तू काय म्हणणार ते ठाऊक आहे. या वयात पहिलीच्या वर्गात बसू का? बस! आमच्या धंद्यात गिऱ्हाईकाकडे उजवीकडे जागा नसली तर मोटर डावीकडे बसवतात. इमारत पाडत नाहीत आणि लिफ्ट काचेच्या कपाटात ठेवत नाहीत.

तोंडात बोळा कोंबलेला माणूस तुला बघवत नाही, हे तूच लिहिलंस. मुख्याध्यापकांच्या खोलीतलं भाषणही तुझंच. हात तुझा आहे, वाचनालयाचा नाही. आणि त्या भाषणाला टाळ्या पडल्या नाहीत, असं समजू नकोस. मी दाराबाहेर उभा होतो. हातात दप्तर होतं म्हणून वाजवल्या नाहीत.

पंचवीसला मी इथेच अडकलोय, लिफ्टची चाचणी आहे. काय ठरवलंस ते कळव. नाही म्हणालीस तरी मी तुझाच.

खटपट्या


२६ फेब्रुवारी

चि. खटपट्यास आत्याचे आशीर्वाद, आणि तुझ्या नावाने भरपूर शिव्याही.

माझेच शब्द माझ्यावर उलटवतोस! डबी उघडून मी दोन दिवस धुमसत होते. दादाला वाचून दाखवलं की बघ तुझा पोरगा किती शेफारलाय. तो उठला, तारा सैल केल्या, जुनी पट्टी हलकेच ठोकून काढली, नवी बसवली आणि तारा उलट्या चढवल्या. तुझ्या डाव्या हातावर डोळे वटारणारा माझा भाऊ! मग गिटार माझ्या मांडीवर ठेवून म्हणाला की तेव्हा मी तुझं ऐकलं, आता तू पोराचं ऐक.

काल वर्धापनदिन झाला. सभागृह भरलेलं, कपाटात दिवा लागलेला. मी उठले आणि आयुष्यातलं सगळ्यात छोटं भाषण केलं. म्हटलं, शब्द दिला होता, तो परत घेते. माणसाला चुकीचा शब्द परत घेता आला नाही, तर त्याने सभेत बोलूच नये. चिटणिसांचा चेहरा उतरला. कपाट रिकामं कसं ठेवायचं, असं ते हळूच विचारू लागले. तेव्हा दादाने पिशवीतून माझा भोंगा काढला आणि टेबलावर ठेवला. आता तो काचेत आहे, दिव्याखाली, फार रुबाबदार दिसतो. त्याच्या तोंडात बोळा असलेला बरा, असं दादाचं मत. लोक हसले. माझ्या भाषणांना इतक्या टाळ्या कधी पडल्या नव्हत्या.

त्या दुकानदार बाईंना सांग की मी येणार आहे आणि त्यांच्या दुकानात बसून वाजवणार आहे. कान बंद करायला कापूस तयार ठेवावा. एका वेळी तीन तारा दाबते, त्यातली एक नुसती खरखरते. पण दोन वाजतात!

अक्षर वाकडं आलंय, सांभाळून घे. उजव्या बोटांची टोकं हुळहुळताहेत. पेन धरवत नाही, इतकी छान दुखतात.

तुझी,
आत्या