राक्षसाला टाळ्या दिल्या त्याची हकिकत

सुरबाया बंदर,
दिवाळीनंतरचा बुधवार, १९५८

तीर्थस्वरूप सहदेवमामांच्या पायांवर भाचा गुरुदास याचा दंडवत. तुमचा गुडघा, आनंदीमामींचा दमा आणि तांबू गाय यांना बरे असो, अशी वालावलच्या लक्ष्मीनारायणाकडे मागणी. तुमच्या लेकीचे, सत्यवतीचे, बांद्याच्या मिशीवाल्या दुकानदाराशी जुळते आहे असे कळले. (त्या विषयावर हे पत्र नाही.) मी जहाजावर सुखरूप आहे. मासे मिळतात, त्यात तिरफळे घालणारा मात्र कोणी नाही.

बोट दुरुस्तीला थांबली म्हणून मी आणि मिठबावचा धोंडू (आमच्या बॉयलरवर असतो) सिनेमाला गेलो. जावा बेटातली जुनी लोककथा होती. भाषा ओ का ठो कळेना. पण दशावतार बघत वाढलेली माणसे आम्ही, भाषेवाचून अडते थोडेच? पडद्यावर एकजण आला. शेलाटा, कानाशी फूल, नजर पायाच्या अंगठ्यावर, चाल अशी की मुंगी मरू नये. धोंडू म्हणाला, ही स्त्रीपार्टी. मलाही पटले. (नाटकात सीता-द्रौपदी मीच होत असे, मला कळायला नको?) मग डोळे गरगरवीत, मिशा पिंजारून एक आडदांड आला, तेव्हा तुमच्या आठवणीने ऊर भरून आला. तुमच्यासारखा राक्षस अख्ख्या कुडाळात कोणी उभा करत नाही. हाच नायक असे ठरवून आम्ही टाळ्या दिल्या, शिट्ट्या मारल्या. सगळे थेटर वळून बघू लागले. आम्हाला वाटले, कौतुकाने.

पुढे राजकन्येने त्या नाजुकाच्या गळ्यात माळ घातली, तेव्हा धोंडू घाबरला. दोन बायकांचे लग्न कसले लागते, म्हणून शेजारच्या सिंधी कापडवाल्याला विचारले. त्याने कपाळाला हात लावला. म्हणाला, अहो, तोच वीर! जो आरडतो, ज्याचा स्वतःवर ताबा नाही, तो या लोकांत कच्चा पुरुष. शेवटी राक्षसाने झेप घेतली, तर आमचा नाजूक नुसता बाजूला सरला आणि मनगट वळवून त्याने कट्यार चालवली. काम झाले. मग मेलेल्याला त्याने हात जोडले. मामा, मी रडलो.

रविवारी दुसरा सिनेमा पाहिला, त्यातही तीच तऱ्हा. अप्सरा बायको स्वर्गात निघून गेल्यावर नवरा तान्ह्या मुलीला खांद्यावर टाकून भात शिजवतो, आणि थेटरातले हमाल डोळे पुसतात. कोणी हसत नाही. आपल्याकडे अशाला काय म्हणतात ते तुम्ही मला शिमग्याच्या पालखीपुढे चारचौघांत ऐकवले होते. पुरुस म्हणजे देवळात खाकरलो तर तळ्यापलीकडे आयकाक येवक व्हया, हेही. (माझे खाकरणे पायरीपर्यंतही पोचत नाही, कबूल.) तेव्हा फार लागले होते. आता एवढे मोठे बेट माझ्यासारख्याला वीर मानते म्हटल्यावर छाती जरा फुगली आहे.

तुमचा आज्ञाधारक,
गुरुदास

ता. क. : त्या विषयावर हे पत्र नाही असे वर लिहिले, ते खोटे. मामा, माका सत्यवती व्हयी. मान खाली घालून लिवतंय, पण लिवतंय. आवाज चढवणार नाही आणि मागेही सरणार नाही.

आणखी एक : आनंदीमामींना मी निघण्यापूर्वीच विचारले होते. त्या हो म्हणाल्या. तुम्हाला कधी सांगायचे एवढेच त्यांनी माझ्यावर सोडले. म्हणाल्या, "ते आरडतले. आरडांदेत. तू गप रव."