कंबरदुखीची माझी गोळी

गुरुवार संध्याकाळ, चाकण

गावाकडं बायकोला, सुनीताला, आठवा महिना. परवा फोनवर कंबर दुखते म्हणाली, तर मीच सांगितलं, माझी दुखण्याची गोळी घरी पेटीत राहिलीय, ती घे.

"अहो, आशाताईंना विचारू का?"

"त्यात काय विचारायचं? आम्ही कंपनीत फुटाण्यासारख्या खातो."

तिनं दोन घेतल्या. आज गावातल्या आशा सेविकेचा, त्या आशाताईंचाच फोन. "भाऊ, असल्या दिवसांत ती गोळी बाळाला बाधू शकते. विचारायचं तरी! उद्या डॉक्टरांकडं नेते तिला."

दोनच गोळ्या. काही होणार नाही ना? खोलीतली पोरं शिफ्टला गेलीत, बोलू कुणाशी? दोनच तर.

मग सुनीताला फोन लावला. एवढं दुखत होतं का गं?

"न्हाई ओ. तुम्ही एवढ्या काळजीनं सांगितलं, म्हणून घेतली."