एकोणीस मिनिटांचा ट्रॅक

मुसफ्फा, जून २००९

तन्मयदादा,

तुझी मेल आली. मार्चमध्ये कंपनीने कामावरून काढल्यापासून तू फारच शहाणा झालायस. पुण्यात बसून लिहितोस, "ते प्रयोगबियोगवालं संगीत ऐकणं पुरे, शुभ्रा. आता तरी मोठी हो."

इथे आखातात कंपनीच्या बसमध्ये आपण रद्द ड्रॉइंगच्या पाठीवर लाडक्या रॉक बँडच्या स्वप्नातल्या कॉन्सर्टची यादी करायचो. अठरा गाणी, आणि दर गुरुवारी एकमेकांचं एक खोडायचं, तेही समोरासमोर. तू दर वेळी मी निवडलेला त्यांचा तो एकोणीस मिनिटांचा ट्रॅक खोडायचास. "ना चाल, ना शब्द. पत्रे कापल्याचा आवाज ऐकायला तिकीट कोण काढणार, हबीबी?"

मी काढणार. तुझ्यानंतर आणखी साठ जण गेले. वर्कशॉपचे ग्राइंडर बंद आहेत, ऑफिसात नुसती एसीची घरघर. परवा जेवणाच्या सुट्टीत हेडफोन लावून तो ट्रॅक ऐकला. दादा, त्यात आपलं वर्कशॉप पूर्ण चालू आहे. तुझ्या आवडीची त्यांची जुनी हिट गाणी गोड आहेत, पण त्यांत मुसफ्फा कुठेच नाही.

म्हणून आता तो ट्रॅक यादीत पहिला.

हे पत्र मी पाठवणार नाही. पाठवलं तर तू उलट मेलने खोडशील, आणि ते नियमात बसत नाही. खोडायचंच असेल तर पेन घेऊन बसमध्ये ये. तुझी खिडकीची जागा मी अजून बॅग ठेवून अडवते.

मोठी न झालेली,
शुभ्रा