ऑपरेशनआधीचा घास

बेंगळूर, ७-२-९४

ती. आक्कास, पुंडलिकाचा शि. सा. न. वि. वि.

मंगलचं ऑपरेशन अठरा तारखेला ठरलं. हृदयाची झडप बदलणार. तुझी भावजय कापण्याला भीत नाही, भुलेला भिते. झोपले आणि उठलेच नाही तर, हा एकच घोष. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई कारवारकडच्या आहेत. तासभर तिच्या खाटेवर बसल्या. दात हलतात का, दमा आहे का, सगळं विचारलं. म्हणाल्या, बाकीचे तुझं काळीज बघतील, मी उशाशी बसून तुला बघीन. तेव्हा कुठं मंगल हसली. एक मात्र बजावलंय. आदल्या रात्रीपासून पोटात काही नको, पाण्याचा थेंबही नको. भुलेत उलटी होऊन फुप्फुसात गेली तर माणूस दगावतं.

इथलं जेवून तुझी आमटी आठवते, बघ काय वेळ आली! माया असू द्यावी.

तुझा पुंडलिक

कुंभारवाडा, १५-२-९४

चि. पुंडलिकास आक्काचे अनेक आशीर्वाद.

शेजारचा वासू बेंगळूरला निघालाय, त्याच्याकडं डबी देते. देवीला नारळ फोडून गूळखोबऱ्याचा प्रसाद केलाय. ऑपरेशनच्या दिवशी पहाटे मंगलला भरव. देवाचा प्रसाद म्हणजे खाणं न्हवं. म्हस बरी हाय. तू वेळेवर जेव, न्हाईतर तुलाच खाटेवर घालतील. जिवाला जपा दोघं.

तुझी आक्का

कॅसलरॉक, १४-३-९४

ती. आक्कास शि. सा. न.

इथं घरी मंगलच्या बाराव्याला आलीस, पण कोपऱ्यात बसून राहिलीस, एक शब्द बोलली नाहीस. म्हणून लिहितो. डबीचं मनाला लावून घेऊ नको. माझं पत्र तुला पोचलं नसणार, ऑपरेशनचं वासूकडूनच कळलं असेल, तुला काय ठाऊक! मला भुलेच्या डॉक्टरीणबाईंनी तोंडावर सांगितलं होतं. तरी मी घास भरवला, वर तिला गप्प राहायला सांगितलं. थिएटरच्या दारात बाईंनी परत विचारलं, काही खाल्लंस का? मंगलला खोटं कुठं बोलता येतं? ऑपरेशन चार मार्चवर गेलं आणि त्याआधीच, सव्वीस फेब्रुवारीला दुपारी, तिचं काळीज थांबलं.

बाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, आधी विचारलं असतंत तर प्रसाद तिच्या कपाळाला लावून मीच तिला आत नेलं असतं. तेव्हापासून घास गिळवत नाही गं. मायेत अंतर नको.

पुंडलिक

कुंभारवाडा, २१-३-९४

चि. पुंडलिकास आशीर्वाद.

तुझं बेंगळूरचं पत्र मला बारा फेब्रुवारीलाच मिळालं होतं. थेंबही नको, हे मी दोनदा वाचलं. मनात म्हटलं, डॉक्टरला देवीचं काय कळतंय? पत्र मिळालं असं कळवलं तर तू अडून बसशील, म्हणून मुद्दाम लिहिलं न्हाई. बाराव्याला हेच सांगायला आले होते, तोंड उघडलं न्हाई.

तुला काय ठाऊक, असं लिहिलंस. मला ठाऊक होतं, पुंडलिका.

लोभ ठेव म्हणायला मला तोंड न्हाई. शिव्या दे, पण पत्र टाक.

आक्का