कुणासाठी बेतलेला सदरा

९ नोव्हें. ९७
शैला बाळंतपणाला माहेरी आली. लेक आली की आमचं मुकं घर बोलायला लागतं. दुपारी सौ.ने माळ्यावरची ट्रंक उतरवून घेतली. नातवंडाला वाकळ शिवायची म्हणून जुनी लुगडी हवी होती. लुगड्यांच्या तळाशी एक जुना अभ्रा, तोंड टाके घालून बंद. शैलाने उसवला. आत बोस्की, उंची रेशमी. सायीच्या रंगाची, हाताला गार. सदरा बेतलेला आहे: पाठ, पुढचे दोन भाग, दोन बाह्या, कॉलरची पट्टी. खडूच्या निळ्या रेघा अजून आहेत. एकही टाका घातलेला नाही.
शैलाने विचारलं, आई, हे कुणाचं गं?
"कापड हाय. वाकळंच्या वरच्या अंगाला झ्याक दिसंल." एवढं बोलून चहा टाकायला उठली.
विचारलं कुणाचं, उत्तर आलं कशाचं. जन्मभर पोरांना सांगत आलो, प्रश्नाला धरून उत्तर लिहा.

१० नोव्हें.
दोघी मंडईत गेलेल्या. बाही हाताला लावून पाहिली. बोटं झाकून वर उरली. पाठ तर मला पांघरुणासारखी.
मी बुटका, ही काही आजची बातमी नाही. शाळेत पोरं मला पाऊण मास्तर म्हणत. फळ्याच्या वरच्या ओळी मी नेहमी उंच पोराकडून लिहून घेतल्या. पण मग हा सदरा पूर्ण मास्तरांचा. कोण ते?
शिवाय बोस्की! आमच्या पगारात मांजरपाट यायचं, तेही दिवाळीला.

१३ नोव्हें.
आडून विचारलं. म्हटलं, कापड चांगलं जपलंस हो.
"मग काय तुमी जपणार हुता? छत्री तरी जपलीसा का कवा?"
छत्रीचा काय संबंध? माणूस विषय बदलतो तेव्हा काहीतरी... असो. शैला हसत होती. तिला सगळ्यात गंमत दिसते.
संध्याकाळी रंकाळ्यावर बसलो. पाण्यावर ऊन उतरलं की मला गारगोटी आठवते. पहिली नोकरी, नवा संसार, दारात शेवंती. मुलांना चाली लावून कविता शिकवायचो, अख्खी गल्ली ऐकायची. सौ. शिवणाच्या वर्गाला जायला लागली ती तिथेच. म्हणजे बेतलाय तो गारगोटीत. त्याआधी तिला कात्री धरता येत नव्हती.
आणि गारगोटीत शेजारी कोण होतं?

१४ नोव्हें.
आनंदराव. इथून पुढे आ. एवढंच लिहीन, सबंध नाव लिहायला हात होत नाही. तालुक्याच्या कचेरीत कारकून. रविवारी कोल्हापुरात येऊन पेठेच्या फुटबॉल संघाकडून गोलात उभे राहायचे. उभ्याने हात वर केला की आडव्या खांबाला लागायचा, असं लोक सांगायचे. सौ.ला वहिनी म्हणायचे. बोलायला गोड. बोस्कीचे शौकीन होते का? असणारच. खेळाडू माणूस.
वाकळीचं काम अजून सुरू नाही. मीच म्हटलं, घाई काय आहे. तुकडे मला अजून हवे आहेत.

२१ नोव्हें.
गडमुडशिंगीला जाऊन आलो. आ. आता तिथे मुलाकडे असतात. घरात सांगितलं, जुन्या शिक्षकाला बघायला चाललोय. पिशवीत एक बाही, वर्तमानपत्रात गुंडाळून. बसमध्ये पिशवी मांडीवर घट्ट धरली होती. शेजारच्या बाईने विचारलं, पावणं, अंडी हायत का?
आ. अंगणात म्हशीजवळ बसले होते. वाकलेत. पण मनगटं तीच, रुंद. बाही काढून हाताला लावावी असं फार मनात आलं. कशी लावणार? म्हशीच्या किमती झाल्या, गुडघे झाले, आजकाल पोरांना बॉल अडवता येत नाही हे झालं. निघताना म्हणाले,
"मास्तर, वहिनी अजून शिवत्यात व्हय? माझ्या कोटाला त्यांनी एक बटण लावलतं बघा गारगोटीत. कोट फाटला, बटण न्हाई निघालं."
आणि हसले. खळखळून.
बटण लावलं होतं. मला कधीच कळलं नाही. मी तेव्हा कुठे होतो? असेन ओढ्याकाठी, यमक जुळवत.
काहीतरी बोलायचं म्हणून तोंडातून गेलं, नातवंडाच्या बारशाला या. का बोललो मी? आता येणार.

२४ नोव्हें.
सौ. ट्रंकेपाशी. "एक बाही कुठं गेली?"
मी पेपर वाचत राहिलो. दुपारी बाही जागेवर ठेवली. संध्याकाळी ती म्हणाली, "बाही फिरून आली वाटतं." माझ्याकडे बघितलं नाही. तिला संशय आहे की मला संशय आहे. आता दोघंही जपून बोलतो.

४ डिसें.
शैलाच्या सासूबाई नृसिंहवाडीला जाऊन आल्या, परतताना इथे उतरल्या. कवठाची बर्फी आणली. वाकळीचा विषय निघाला. बोस्की हाताने चाचपली आणि अडल्या. अंगाला न लागलेलं कोरं कापड बाळाला घालायचं नाही म्हणाल्या. घरातल्या म्हाताऱ्या माणसाने आधी ते वापरायचं, त्याचं आयुष्य कापडाला लागलं पाहिजे, मग ते बाळाच्या अंगावर.
सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.
मी म्हटलं, मी नाही घालणार. दुसऱ्याचा सदरा. (हे शेवटचं मनात.)

७ डिसें.
घालावा लागला. सौ.ने कच्चे टाके घालून सदरा उभा केला. सकाळी आंघोळ झाल्यावर पुढे धरला, "हं, हात घाला." घातले. बाह्या खाली लोंबल्या. कडा गुडघ्याला. शैला पोट धरून हसली, अण्णा, तुम्ही नाटकातले राजपुत्र दिसताय. मग सौ.ने ओरडून तिला खाली बसवलं, अशा दिवसांत एवढं हसू नये म्हणून.
दिवसभर घालायचा होता. तसाच वावरलो. बाह्या दुमडून जेवलो. आरशात बघितलं तर कुणा दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखं वाटलं.
सदऱ्याला ट्रंकेचा, कापराचा वास. माझा वास त्याला लागेल का एका दिवसात? रीत सांगणाऱ्यांना हे कोण विचारणार.

८ डिसें.
विचारलं. शैला झोपली होती, सौ. कच्चे टाके उसवत होती. म्हटलं, एकदा सरळ सांग. कुणासाठी बेतलास हा?
सुई थांबली नाही.
"तुमच्यासाठी."
म्हटलं, मी एवढा कधी होतो?
"न्हवताच. लगीन झालं तवा तुमी अठराचं. दिवाळसणाला माझ्या दादानं जावयाला म्हणून बोस्की दिली. तुमच्या आई म्हणाल्या, पोरगं वाढीला हाय, माया जास्त सोड. म्हणून सोडली. तुमी काय वाढला न्हाईसा."
माया म्हणजे कडेला ज्यादा सोडलेलं कापड, पुढे उसवून अंग वाढवता यावं म्हणून. शिवणकामात असा शब्द आहे. हा शब्द मी आयुष्यभर शिकवला, आई आणि वासराच्या धड्यांत. हा अर्थ मला आज कळला.
मग शिवला का नाहीस? लपवलास का?
"शिवायच्या आदी बारीक करावा लागला आस्ता. अन् तुमास्नी उंचीवरनं कुणी बोललेलं चालत हुतं? रडला आस्ता. न्हाईतर कविता केली आस्ती."
तिने टाका उसवला, दोरा दाताने तोडला.

९ डिसें.
सकाळी शांत वाटलं. अंगणात बसून चहा घेतला. माझ्यासाठीच होता. माझ्या वाढीची वाट बघत होता. यावर खरंच काही लिहावं, दोन ओळी सुचल्यासुद्धा.
दुपारी पुन्हा किडा. माया धरली तरी किती धरणार? एवढी? दिवाळसणाला बोस्की मिळाली होती का? मला त्या दिवाळीतली एवढीच आठवण: तुळशीपाशी पणत्या, आणि पणतीवर मी केलेली ओळ. मेव्हण्याने हातात काय ठेवलं, देव जाणे. आई गारगोटीला कधी आली? आली असेल. आली असणार. मेव्हणाही गेला, आईही गेली. विचारायचं कुणाला?
उद्या निवांत बसून माया दुमडून पाहीन. खडूच्या रेघेवर घडी घालायची आणि बाही हाताला लावायची. मग काय ते दिसेलच.

१० डिसें.
दुमडायला काही उरलं नाही. पहाटे उठून तिने सगळ्या बोस्कीचे चौकोन कापले. पाठ, बाह्या, सगळं. चटईवर ढीग.
म्हटलं, थांबायचं होतंस.
"किती दीस थांबायचं? बाळ थांबणार हाय व्हय?"
खरंच आहे, बाळ थांबणार नाही. तरी नेमकं आजच?

१९ जाने. ९८
मुलगी झाली. दोघी सुखरूप. मूठ केवढी, सुपारीएवढी. मी चार नावं लिहून दिली, सगळी कवितेतली. सौ. म्हणाली, हाक मारताना दम लागंल.
वाकळ पूर्ण झाली. खाली मऊ लुगडं, वर मधोमध बोस्की, भोवती शैलाच्या शाळेतल्या फ्रॉकची निळी पट्टी. टाके एकसारखे, जणू कुणी ओळी आखून लिहिलेत. सुंदर आहे. मीच मघाशी तिच्यावर हात फिरवत बसलो होतो. बाहीचा चौकोन कुठला, शोधत होतो.

३० जाने.
बारसं झालं. बायकांचा गलका, पाळणे, घुगऱ्या. आ. आले. काठी टेकत, मुलाच्या आधाराने. मी दारातून आत आणलं. सौ.ने डोक्यावर पदर घेतला, "या भावजी," एवढंच. तो पदर कुणी आलं तरी ती घेते. मी बघत होतो.
आ. पाळण्याशी वाकले. बाळाच्या गालाला बोट लावलं. मग वाकळीचा कोपरा चिमटीत धरून चोळला, दुकानात कापड बघतात तसा.
"बोस्की व्हय ही?"
सौ. स्वयंपाकघराच्या दारात होती, हातात ट्रे.
"व्हय," मी म्हटलं. "माझ्या सदऱ्याची."
त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. त्याला फार वेळ लागत नाही. मिशी पांढरी झाली की माणूस हसला का नाही, ते ओळखू येत नाही. कोपरा अजून चिमटीतच होता. मी वाकळ बाळाच्या हनुवटीपर्यंत ओढली, तेव्हा सुटला.
सौ. पुढे आली. तिने ऐकलं होतं, नक्की ऐकलं होतं. चेहरा नेहमीचाच. घुगऱ्यांची पहिली वाटी आ.च्या हातात दिली, मग माझ्या.
पावण्याला आधी द्यायची रीतच आहे म्हणा.